एमआरआयच्या अहवालातील 'पेरिव्हॅस्क्युलर स्पेसेस' : डोकेदुखीपासून रक्तदाबाच्या वहीपर्यंत

मेंदूच्या एमआरआय अहवालात 'प्रॉमिनंट पेरिव्हॅस्क्युलर स्पेसेस' (मेंदूतील रक्तवाहिन्यांभोवतीच्या ठळक दिसणाऱ्या जागा) असे शब्द वाचून ज्यांची झोप उडाली असेल, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. मी गोव्यातील फोंडा तालुक्यात राहते, माझे वय ५७ आहे आणि मी एका अनुदानित विद्यालयाच्या कार्यालयात काम करते. वैद्यकीय शिक्षण माझ्याकडे नाही. पुढे जे वैद्यकीय तपशील येतील ते मला तपासणाऱ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलेले आणि नंतर मी वाचून समजून घेतलेले आहेत. प्रत्येकाचा अहवाल वेगळा असतो, तेव्हा निर्णय आपापल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. मात्र हा प्रवास कोणत्या क्रमाने होतो, कुठे किती थांबावे लागते, काय विचारावे आणि कोणती कागदपत्रे जवळ ठेवावीत, हे आधी कोणी सांगितले असते तर मला फार आधार वाटला असता.

२०२४ च्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, कार्यालयात प्रवेशाची कामे वाढली आणि त्याच सुमारास माझे डोके दुखू लागले. मानेच्या मागच्या बाजूला सुरुवात होऊन दुखणे उजव्या कानशिलापर्यंत येई, दुपारनंतर वाढे आणि रात्री पडल्यावर थोडे उतरे. मला पूर्वी कधी डोकेदुखीचा त्रास नव्हता. पावसाळी हवा, चष्म्याचा नंबर, कामाचा ताण अशी कारणे घरचे सांगत होते आणि त्यांत काही चूक नव्हती, पण महिना उलटला तरी दुखणे थांबेना. म्हणून ११ जुलै रोजी मी फोंड्यातील आमच्या नेहमीच्या फिजिशियनकडे गेले.

त्यांनी दोनदा रक्तदाब मोजला. पहिल्यांदा १५८/९६ आणि काही मिनिटांनी १५४/९४ आला. मला वाटले, डोकेदुखीचे कारण सापडले. परंतु त्यांनी सांगितलेली गोष्ट माझ्यासाठी नवीन होती. एवढ्या रक्तदाबाने सहसा डोके दुखत नाही. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काहीही न दुखवता वर्षानुवर्षे राहतो आणि म्हणूनच तो तपासत राहावा लागतो. त्यामुळे डोकेदुखी आणि रक्तदाब या दोन्हींचा विचार त्यांनी वेगवेगळा केला. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी अंगावर काढायची नसते, असे सांगून त्यांनी कानशिलांवरील रक्तवाहिन्या बोटांनी चाचपून पाहिल्या, चावताना जबडा दुखतो का, नजर अंधुक होते का, असे विचारले आणि ईएसआर व सीआरपी (शरीरातील सूज कळण्यासाठी), साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी), चरबी या रक्ततपासण्या लिहून दिल्या. कानशिलातील रक्तवाहिनीला सूज येण्याचा एक विकार या वयात होऊ शकतो, त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो आणि ईएसआर व सीआरपी या साध्या तपासण्यांतून त्याचा अंदाज येतो, हे मला तेव्हा कळले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घेण्यासही त्यांनी सांगितले. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसते आणि उजेड सहन होत नाही, त्यामुळे त्या दिवशी सोबत कोणीतरी असावे. डॉक्टरांची फी ५०० रुपये आणि रक्ततपासण्या सुमारे १८०० रुपये असा खर्च आला. सर्व अहवाल व्यवस्थित होते, डोळ्यांच्या पडद्यावर सूज नव्हती.

रक्तदाबाची गोळी त्यांनी लगेच सुरू केली नाही. दवाखान्यात भीतीने आकडा वाढतो, म्हणून आधी घरी मोजा असे सांगितले. दंडाला पट्टा बांधायचे यंत्र आम्ही सुमारे २००० रुपयांना घेतले आणि त्यांच्या यंत्राशी ताडून पाहिले. मोजण्याची पद्धत त्यांनी नेमकी सांगितली होती : आधी अर्धा तास चहा नको, पाच मिनिटे शांत बसायचे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर टेबलावर; सकाळी आणि संध्याकाळी एकेक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचे, असे आठवडाभर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढायची आणि ती १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली तर रक्तदाब खरोखरच वाढलेला समजायचा. माझी सरासरी त्याच्या बरीच वर होती. तेव्हा अॅम्लोडिपिनची गोळी सुरू झाली.

ऑगस्टच्या सुरुवातीला शाळेचा जिना उतरताना मला एकदा भोवळ आली. पडले नाही, कठड्याला धरून उभी राहिले, पण दुखणेही तसेच चालू असल्यामुळे डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. त्यांच्या चिठ्ठीवर साध्या एमआरआयसोबत रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी आणि एसडब्ल्यूआय नावाची एक मालिका (ठरावीक पद्धतीने घेतलेल्या चित्रांचा संच) लिहिली होती. ही चिठ्ठी नीट जपावी आणि तारीख घेताना तिच्यावरील शब्द जसेच्या तसे वाचून दाखवावेत, कारण कोणत्या मालिका घ्यायच्या हे त्यावरूनच ठरते. सरकारी रुग्णालयात चौकशी केली तेव्हा तातडी नसलेल्या रुग्णांसाठी ऑक्टोबरमधील तारीख मिळत होती. पक्षाघात आणि अपघाताचे रुग्ण आधी घ्यावे लागतात, हे समजण्यासारखे आहे. डॉक्टरांना विचारले असता, शक्य असेल तर एवढे थांबू नका, असे ते म्हणाले, म्हणून पणजीतील एका खाजगी केंद्रात २१ ऑगस्टची वेळ घेतली. साध्या तपासणीचे ६५०० आणि अँजिओग्राफीचे २५०० असे एकूण ९००० रुपये भरले. आमच्याकडे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आहे. २०१६ पासून चालू असलेल्या या योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण मिळते, पण ते यादीतील उपचारांसाठी आहे. दाखल न होता केलेल्या या तपासणीचे पैसे रोख भरावे लागतील, असे काउंटरवर सांगितले. खाजगी आरोग्य विम्यातही बहुधा अशीच अट असते, तेव्हा हा खर्च आपल्या खिशातून होईल असे धरूनच चालावे.

एमआरआयची मला फार भीती वाटत होती. प्रत्यक्षात काय होते ते सविस्तर सांगते. आधी एक अर्ज भरून घेतात : हृदयात पेसमेकर आहे का, मेंदूतील रक्तवाहिनीला क्लिप लावली आहे का, कानात यंत्र बसवले आहे का, पूर्वी डोळ्यात धातूचा कण गेला होता का. यंत्रातील चुंबक सतत चालू असते, तपासणी नसतानाही, म्हणून हे प्रश्न दारातच विचारतात आणि त्यांची उत्तरे विचारपूर्वक द्यावीत. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, कर्णफुले, केसांतील पिना, सारे काढावे लागते. मी हे घरीच काढून ठेवले होते आणि तेच सोयीचे, कारण तिथे दागिने सांभाळण्याची चिंता राहत नाही. काजळही लावू नये, काही प्रकारांत धातूचे कण असतात. क्ष-किरण किंवा सीटी स्कॅनप्रमाणे यात किरणोत्सर्ग नसतो. माझ्या तपासणीत शिरेतून औषध द्यायचे नव्हते, त्यामुळे उपाशी राहावे लागले नाही. औषध द्यायचे असल्यास क्रिएटिनिनचा अलीकडचा अहवाल मागतात.

झोपवल्यावर कानांत बोळे आणि वरून हेडफोन घातले, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखा एक भाग बसवला आणि हातात रबरी फुगा दिला. काही त्रास झाला तर तो दाबायचा, की यंत्र थांबवतात. तंत्रज्ञ मुलगी फार समजूतदार होती. आत जाण्यापूर्वीच तिने सांगितले, "आंटी, डोळे आताच मिटा, आत जाईपर्यंत थांबू नका. आधी मिटले की बंदिस्त वाटत नाही." हा सल्ला मी प्रत्येकाला देईन. आवाज खरोखरच मोठा होतो आणि दर काही मिनिटांनी त्याची जात बदलते, कारण प्रत्येक मालिका वेगळी असते. मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत राहिले. तिची आवर्तने होत गेली आणि अर्ध्या तासाच्या आसपास बाहेर आले. निघताना अहवालाबरोबर चित्रांची सीडी मिळेल ना, हे विचारून घेतले. फिल्मवर निवडक चित्रे छापलेली असतात, सीडीवर सर्व असतात.

२२ ऑगस्टच्या संध्याकाळी अहवाल मिळाला. बंद पाकिटात तो हातात ठेवला गेला, समजावून सांगण्याची पद्धत तिथे नव्हती. शेवटच्या भागात चार ओळी होत्या. दोन्ही बाजूंच्या बेसल गँग्लियामध्ये (मेंदूच्या खोल भागात) आणि सेंट्रम सेमिओव्हेलमध्ये (त्याच्या वरच्या भागात) ठळक पेरिव्हॅस्क्युलर स्पेसेस. पांढऱ्या द्रव्यात काही सूक्ष्म ठिपके, फझेकास श्रेणी १ (म्हणजे सौम्य). अलीकडच्या पक्षाघाताची खूण नाही. अँजिओग्राफीत विशेष दोष नाही. खाली नेहमीचे वाक्य होते की रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे.

माझ्या आईची स्मरणशक्ती शेवटच्या काही वर्षांत गेली होती. तिने मला ओळखणे बंद केले तो काळ मी विसरलेले नाही. त्यामुळे मेंदूत मोकळ्या जागा तयार झाल्या आहेत, एवढाच अर्थ त्या संध्याकाळी माझ्या मनाने घेतला आणि मेंदू झिजायला लागला, अशी माझी खात्रीच झाली. यजमानांनी अहवाल वाचला आणि 'दोष नाही' या ओळींवर बोट ठेवले, तरी माझी नजर पहिल्या ओळीवरून हलेना. पुण्याहून मुलीचा फोन आला. "आई, उद्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत यातले काहीही शोधू नकोस," असे ती म्हणाली आणि मी तिचे ऐकले. शेजारच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मात्र काळजीपोटीच दोन गोष्टी सांगितल्या : मेंदूत किड्याची गाठ असेल तर अशाच पोकळ्या दिसतात, आणि रक्त पातळ करणारी गोळी लगेच सुरू करावी. दोन्ही गोष्टी मनात घर करून बसल्या. त्यांची उत्तरे पुढे न्यूरॉलॉजिस्टकडे मिळाली आणि ती मुद्दाम लिहिणार आहे, कारण असे सल्ले देणारे प्रत्येक वाड्यावर असतात आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो.

दुसऱ्या दिवशी फिजिशियननी अहवाल पाहून प्रथम सांगितले की यात तातडीचे काही नाही आणि या जागा कमीअधिक प्रमाणात प्रत्येकाच्याच मेंदूत असतात. तरीही रक्तदाब नुकताच सापडलेला, डोकेदुखीचे कारण न सापडलेले, म्हणून न्यूरॉलॉजिस्टने एकदा चित्रे पाहावीत असे त्यांना वाटले. त्यांनी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासाठी, म्हणजे आपल्या गोमेकॉसाठी, चिठ्ठी लिहून दिली. चतुर्थी जवळ आली होती. चतुर्थीच्या दिवसांत गोव्यात सारेच जण मूळ घरी जातात, त्यामुळे १९ सप्टेंबरला जायचे ठरवले.

मधले दिवस जड गेले. ७ सप्टेंबरला चतुर्थी होती. मूळ घरी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधली जात होती, करंज्या-नेवऱ्या तळल्या जात होत्या, आरत्या चालू होत्या आणि मी एखाद्या भावाचे नाव क्षणभर आठवले नाही तरी आतून थरथरत होते. मी फक्त थोरल्या नणंदेला सांगितले. त्यांनी कोणालाही काही न कळू देता माझ्याकडची उभ्याने करायची कामे काढून घेतली. त्याच दिवसांत माझे पाय घोट्याशी सुजू लागले. मला ते त्याच दुखण्याचे पुढचे पाऊल वाटले. फिजिशियनना फोन केला तेव्हा कळले की अॅम्लोडिपिनने काही जणांचे पाय सुजतात, त्यात मेंदूचा संबंध नाही. त्यांनी गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली आणि काही आठवड्यांनी पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासायला सांगितले. औषध सुरू झाल्यानंतर जे नवे काही होईल ते औषधाच्या तारखेसह वहीत लिहून ठेवावे, त्याने अशा वेळी उत्तर लवकर सापडते.

१९ सप्टेंबरला पहाटेच निघालो. फोंड्याहून कदंबच्या बसने पणजी आणि तिथून मडगावच्या बाजूला जाणाऱ्या बसने बांबोळी. सोबत आधार कार्ड, फिजिशियनची चिठ्ठी, रक्ताचे अहवाल, रक्तदाबाची वही, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि सीडी असे सर्व एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून नेले होते. नोंदणीच्या खिडकीवर केसपेपर काढायचा, मग विभागात तो जमा करून नाव पुकारण्याची वाट पाहायची, असा क्रम आहे. न्यूरॉलॉजीच्या ओपीडीचे वार ठरलेले असतात, ते आदल्या दिवशी विचारून घ्यावेत. पाण्याची बाटली आणि काहीतरी खायचे जवळ असू द्यावे. माझ्या आधी गंभीर स्थितीतले कितीतरी रुग्ण होते. त्यांना पाहून माझी काळजी लहान झाली असे म्हणणार नाही, ती तेवढीच राहिली, पण वाट पाहण्याचा त्रागा मात्र वाटला नाही.

डॉक्टरांनी चित्रांकडे वळण्यापूर्वी मला तपासले. डोळ्यांची हालचाल, हातापायांची ताकद, गुडघ्यावर हातोडी, सरळ रेषेत चालणे, डोळे मिटून उभे राहणे. मग मान सर्व बाजूंना वळवून पाहिली आणि कवटीच्या खाली एका जागी दाबले, तेव्हा नेमकी तीच वेदना कानशिलापर्यंत गेली. कार्यालयात संगणक कुठे असतो, असे त्यांनी विचारले. तो माझ्या डावीकडे, थोडा खाली असतो आणि प्रवेशाच्या दिवसांत मी तासन्‌तास मान वळवून काम करत होते. डोकेदुखी मानेच्या स्नायूंतून येते आहे, असे त्यांचे मत पडले. आईविषयी सांगितल्यावर त्यांनी स्मरणशक्तीची एक छोटी चाचणी घेतली : पाच शब्द लक्षात ठेवणे, घड्याळ काढून काटे दाखवणे, १०० मधून ७ वजा करत जाणे. त्यांना काळजी करण्यासारखे काही आढळले नाही. रात्री घोरते का, सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटते का, हेही त्यांनी यजमानांना विचारले, कारण झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असेल तर रक्तदाब आणि सकाळची डोकेदुखी दोन्ही वाढू शकतात.

नंतर त्यांनी सीडी लावली आणि पडदा माझ्याकडे वळवला. सारे संभाषण कोकणीतून झाले, ते इथे मराठीत देते. मेंदूच्या पृष्ठभागावरून बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात, त्यांच्याभोवती द्रवाने भरलेली अगदी अरुंद जागा असते. चिऱ्याच्या भिंतीतून नळ आत घेतला की त्याच्याभोवती फट राहते, तशी. ती जन्मापासूनच असते. वय वाढले, रक्तदाब वाढला, की ती रुंदावून चित्रात दिसू लागते. यंत्र जितके चांगले, तितक्या त्या जागा अधिक दिसतात. पडद्यावर टी-२ मालिकेत पांढरे ठिपके दिसत होते. रक्तवाहिनी जिथे आडवी कापली जाते तिथे गोल ठिपका आणि जिथे ती लांबीने दिसते तिथे बारीक रेघ. मग त्यांनी शेजारी फ्लेअर नावाची मालिका उघडली. तिथे तेच ठिपके काळे झाले होते, म्हणजे आत मेंदूभोवती असतो तसाच पाण्यासारखा द्रव आहे. जुन्या सूक्ष्म पक्षाघाताने पडलेला खड्डा साधारण ३ ते १५ मिलिमीटरचा असतो आणि फ्लेअरमध्ये त्याच्याभोवती बऱ्याचदा पांढरी कडा दिसते. माझ्या जागा ३ मिलिमीटरहून लहान होत्या आणि त्यांना अशी कडा नव्हती. एसडब्ल्यूआय मालिका त्यांनी सर्वात सावकाश पाहिली. जुन्या सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा त्यात काळ्या ठिपक्यांसारख्या उमटतात. त्या नव्हत्या.

या सर्व वेळात त्यांनी अहवालाचा कागद फारसा हातात घेतला नाही. त्यांचे लक्ष तीन गोष्टींकडे होते : या जागा कुठे आहेत, किती आहेत, आणि त्यांच्या सोबतीला दुसरे काय आहे. बेसल गँग्लियात त्या अधिक असल्या तर रक्तदाब आणि लहान रक्तवाहिन्या कडक होण्याकडे निर्देश होतो. वरच्या भागात, सेंट्रम सेमिओव्हेलमध्ये, त्या फारच जास्त असल्या आणि रक्तस्रावाच्या खुणाही सोबत असल्या तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचे प्रथिन साचण्याच्या विकाराचा विचार करतात. एका ठरावीक पातळीच्या चित्रात एका बाजूचे ठिपके मोजून दहापर्यंत, अकरा ते वीस, एकवीस ते चाळीस आणि त्याहून अधिक असे गट पाडतात. माझ्या बेसल गँग्लियातील ठिपके दुसऱ्या गटात बसत होते, वरच्या भागातील पहिल्या गटात. "बाय, हे दुखणे नव्हे, ही खूण आहे," असे ते म्हणाले, "आणि खूण रक्तदाबाकडे बोट दाखवते. तो सांभाळायचा."

मी घरून प्रश्न लिहून नेले होते आणि ते कागद पाहूनच विचारले. डोकेदुखी आणि भोवळ या जागांमुळे आहे का? नाही, या आकाराच्या जागांनी डोके दुखत नाही. किड्याची गाठ असू शकते का? त्या गाठींमध्ये बऱ्याचदा आत एक ठिपका दिसतो, भोवती सूज किंवा कडा असते किंवा त्या चुन्यासारख्या कडक झालेल्या असतात, आणि पुष्कळांना झटके येतात. रक्तवाहिनीच्या वाटेने दोन्ही बाजूंना सारख्या पसरलेल्या या जागांचे चित्र अगदी वेगळे आहे. अॅस्पिरिन घ्यावी का? नाही, पक्षाघात किंवा हृदयविकार झालेला नसताना केवळ या खुणेसाठी ती देत नाहीत, कारण तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि इथे तो पत्करण्याजोगा फायदा नाही. दरवर्षी एमआरआय करावा का? नवे लक्षण नसेल तर गरज नाही. शेवटचा प्रश्न मला मोठ्याने वाचता आला नाही, तो यजमानांनी विचारला : पुढे स्मरणशक्ती जाईल का? डॉक्टरांनी घाईने धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. हजारो लोकांचा अभ्यास केला तर अशा जागा आणि लहान रक्तवाहिन्यांचा आजार यांचा संबंध दिसतो, पण स्मरणशक्तीशी असलेला संबंध सर्व अभ्यासांत सारखा आढळत नाही, आणि एका माणसाच्या एका चित्रावरून त्याचे पुढचे आयुष्य कोणीही सांगू शकत नाही, असे त्यांनी सांगितले. आईच्या आजाराचे स्वरूप विचारून घेतले आणि दोन्हींची सांगड घालण्यासारखे काही दिसत नाही, असे स्पष्ट केले. त्या दिवशी परतताना बसमध्ये मला झोप लागली.

त्यानंतर मी या विषयावर शांतपणे वाचले. रुडॉल्फ विर्खो यांनी १८५१ मध्ये आणि शार्ल रोबँ यांनी १८५९ मध्ये या जागांचे वर्णन केले, म्हणून त्यांना विर्खो-रोबँ जागा असेही म्हणतात आणि काही अहवालांत तेच नाव असते. २०१२ मध्ये मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की मेंदूभोवतीचा द्रव रक्तवाहिन्यांच्या कडेने आत शिरतो आणि टाकाऊ द्रव्ये वाहून नेण्यास मदत करतो; पुढच्या वर्षी झोपेत हे काम वाढते, असेही त्यांनी उंदरांतच मांडले. माणसात हे नेमके कसे आणि किती चालते, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. मला हे वाचून बरे वाटले ते यासाठी, की ज्या जागांना मी पोकळ्या समजत होते त्यांना मेंदूत काहीतरी काम आहे. ज्यांना वाचायचे असेल त्यांनी जरूर वाचावे, पण डॉक्टरांनी चित्रे दाखवल्यानंतर वाचावे. आपल्या जागा कुठे आणि किती आहेत हे माहीत असले की वाचनातला कोणता भाग आपल्याला लागू नाही हे कळते.

मानेसाठी फोंड्यातच फिजिओथेरपी घेतली, एका वेळचे ४०० रुपये. कार्यालयात संगणक समोर आणि डोळ्यांच्या उंचीवर आणला, मुख्याध्यापकांनी त्यासाठी टेबल बदलून दिले. दिवाळीपर्यंत डोकेदुखी पुष्कळ कमी झाली, कामाच्या गर्दीत अजून कधीतरी डोके वर काढते. भोवळ पुन्हा आली नाही.

रक्तदाबाचे काम मात्र अधिक चिकाटीचे निघाले. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपल्या घरांत पावसाळ्यासाठी पुरुमेंत भरून ठेवण्याची रीत आहे आणि त्यात सुके बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), मिठातली तोरे (कैऱ्या), लोणची हेच मुख्य. जून-जुलैत ट्रॉलरांची मासेमारी बंद असते तेव्हा तर ताटात रोज काहीतरी खारे असतेच. मी ते सर्व सोडले नाही, पण रोजचे आठवड्यावर आणले, पेजेबरोबर लोणच्याऐवजी ताजी भाजी घेऊ लागले आणि आमटीत वरून मीठ घेणे थांबवले. संध्याकाळी जेवणाआधी यजमानांबरोबर चालायला जाते. डिसेंबरपर्यंत घरचे आकडे १३० च्या खाली येऊ लागले. टेल्मिसार्टन सुरू झाल्यानंतरचे पोटॅशियम आणि क्रिएटिनिनही ठीक आले.

एक सूचना कागदपत्रांविषयी. घरातल्या नव्या लॅपटॉपांना सीडीची खाच नसते आणि सीडीवर ओरखडे पडले की चित्रे जातात. मुलीने डिसेंबरात येऊन ती सर्व चित्रे पेनड्राइव्हवर उतरवून दिली. पुढे कधी एमआरआय करावा लागला तर तुलनेसाठी जुनी चित्रेच लागतात, केवळ अहवालाचा कागद पुरत नाही. आणि एक सूचना जिवाच्या सुरक्षिततेची, जी डॉक्टरांनी आम्हा दोघांना एकत्र बसवून दिली : अचानक तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, दृष्टी जाणे किंवा आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी एकाएकी सुरू होणे, यांपैकी काहीही घडले तर ओपीडीच्या वाराची वाट न पाहता तत्काळ १०८ ला फोन करायचा आणि लक्षण सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवायची. तो क्रमांक स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी लावला आहे.

मार्च २०२५ मध्ये पुन्हा बांबोळीला जाऊन आले. डॉक्टरांनी वही चाळली, रक्तदाब स्वतः मोजला, चालून दाखवायला सांगितले आणि एमआरआयचा विषय मी काढल्यावरच निघाला. पुढची तपासणी फोंड्यातील फिजिशियनकडेच सहा महिन्यांनी करायची असे ठरले. तेव्हा रक्तदाबाची वही आणि क्रिएटिनिनचा नवा अहवाल न्यायचा. सीडी घरीच ठेवली तरी चालेल, असे त्यांनी केसपेपरवर लिहून दिले.